एकविसातनं अकरा

“बोटं मागं!” असा आवाज स्वयंपाकाच्या खोलीतून आला की आमच्या शाळेतली सगळी पोरं हात पाठीमागे बांधून उभी राहायची. उंबऱ्यात पळी घेऊन मावशी उभी असायची. शाळेची खिचडी शिजवणारी बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल. पण गणिताचं उत्तर आल्याशिवाय पातेल्यावरचं झाकण न काढणारी दुसरी कुणी मला तरी भेटली नाही.

मुठा गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर आमची चौथीपर्यंतची शाळा होती. शिक्षिका मी एकटीच. रोज एका पोरावर ताटांची पाळी यायची. मावशीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण फळ्यावरचे आकडे कळायचे. “पटावर एकवीस. तिघं न्हाईत, दोघांनी डबा आनलाय. ताटं किती?” बोटांवर न मोजता, मागे फळ्याकडे वळून न बघता उत्तर द्यायचं आणि मांडणीवरून तेवढीच ताटं आणायची. एक कमी पडलं तर आणणाऱ्यानं स्वतःचं द्यायचं आणि शेवटी जेवायचं. जास्त झालं तर ते स्वच्छ ताट पुन्हा घासायचं. पंधरा दिवसांत पहिलीतलं पोरही वजाबाकी करायला लागायचं. भूक फार कडक मास्तर असते.

एखादं अडलं तर ती खाली बसायची. “आठ आन् पाच? आधी आठाचं धा कर. पाचातलं दोन त्येला दे. आता तुझ्याकडं ऱ्हायलं काय?” हीच पद्धत मला तालुक्याच्या प्रशिक्षणात रंगीत तक्ते लावून शिकवली. परत येऊन मी ती मावशीला मोठ्या हौसेनं समजावली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं बाई, तुमालाबी आलं.”

ती स्वतः दुसरीतून शाळा सोडलेली. भातलावणीत रोपांच्या जुड्या मोजून मोजून तिचं गणित पक्कं झालं होतं. मी बेरजेसाठी मोबाईल काढला की म्हणायची, “इचारा, इचारा. त्यो काय म्हन्तोय बघू.” आणि त्याच्या आधी उत्तर सांगून भाजी चिरायला लागायची.

आमच्याकडे एक मुलगी होती. पहिलीत आली तेव्हा काहीही विचारलं तरी “येत न्हाई” एवढंच बोलायची. मी हात टेकले होते. मावशी मात्र तिला चुलीजवळ घेऊन बसायची. दहा चिंचोके दोन मुठींत वाटून घ्यायचे, एक मूठ उघडायची आणि झाकल्या मुठीत किती ते विचारायचं. एक अख्खा पावसाळा हा खेळ चालला. एके दिवशी ती पोर हळूच म्हणाली, “सहा.” मावशी शाब्बास वगैरे म्हणत नसे. “व्हय,” म्हणाली आणि मूठ उघडून दाखवली. पुढे तिसरीत जाईपर्यंत ती मुलगी आमच्या शाळेतली सगळ्यांत झटपट हिशेब करणारी झाली. तोवर माझंही तिच्यापुढे काही चालेना.

मग वाडीत पिवळी गाडी यायला लागली. खालच्या इंग्रजी शाळेची. आज एक पोर, पुढच्या आठवड्यात दोन, असं करत अकरा पोरं त्या गाडीत बसली. ती शाळा दाखला मागत नव्हती, त्यामुळे नावं आमच्याच पटावर राहिली. पट दहावर आलाय हे वर कळलं असतं तर शाळा बंद झाली असती. मी ती नावं काढली नाहीत. त्यांची खोटी हजेरी मांडायला लागले. फळ्यावर रोज लिहायचे, पट एकवीस.

एकदा मी मावशीला म्हटलं, “तपासणीला साहेब आले तर बाकीची मुलं लग्नाला गेलीत असं पोरांकडून पाठ करून घ्या.”

तिनं पळी खाली ठेवली. “तुमी वहीत काय लिवायचं त्ये लिवा. मला वाचता येत न्हाई. पन पोरांच्या त्वांडात खोटी वजाबाकी मी घालायची न्हाई.”

“शाळा गेली तर तुमचं कामही जाईल, मावशी.”

“जाईल की,” ती म्हणाली आणि जाळ सारायला वळली.

साहेब आले ते न सांगता, नेमके जेवणाच्या वेळी. मी लग्नाचं सांगितलं. माणूस हसतमुख होता. ताटांची पाळी त्या चिंचोक्यांवाल्या मुलीची होती, तर तिलाच विचारलं, “एकविसातले नऊ इथे आहेत. मग गैरहजर किती गं?”

मुलगी ताठ उभी राहिली. “एकच, साहेब. एकविसातनं अकरा पिवळ्या गाडीनं जात्यात. ऱ्हायलं धा. त्यातला एक तापानं पडलाय. ताटं नऊ.”

दारातून मावशी म्हणाली, “व्हय.”

साहेबांनी हजेरीची वही मागितली.

मला लेखी ठपका आणि बदली मिळाली. आमची शाळा बंद झाली, उरलेली पोरं मुठा गावातल्या मोठ्या सरकारी शाळेत गेली. मावशी लवळ्याला एका कॅन्टीनमध्ये भांडी घासायला जायला लागली. वाडीत बोललं जाऊ लागलं, त्या पोरीनं शाळा बुडवली, मावशीनंच पढवली होती. मी ते ऐकलं आणि गप्प राहिले, कारण त्या बोलण्याआड माझी वही झाकली जात होती. याची मला लाज वाटत होती आणि तरीही मी गप्प होते.

वर्षभराने मावशी माझ्या नव्या शाळेत आली. हात सोड्यानं सोललेले. बसलीसुद्धा नाही. “ती पोर परत ‘येत न्हाई’ म्हनाया लागलीया, बाई. नव्या गुरुजींनी काय इचारलं तरी त्वांड उघडत न्हाई. म्हन्ती, माझ्या उत्तरानं शाळा गेली. तुमी जाऊन सांगा तिला, तुझं बरोबर व्हतं. माझं ऐकत न्हाई ती.”

मी येते म्हणाले. मग सर्वेक्षण आलं, निवडणुकीचं काम आलं, परीक्षा आल्या. खरं सांगायचं तर यातलं काहीच आड आलं नव्हतं.

हिवाळ्यात मावशी न्यूमोनियानं गेली.

दहाव्याला नदीवर सगळी वाडी होती. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, “आये, धाकट्याचं लगीन लावतो.” धाकटा म्हणाला, “घर नीट ठिवू.” कावळे झाडावरून हलले नाहीत. लोक एकमेकांना विचारू लागले, म्हातारीचा जीव कशात अडकलाय. मला ठाऊक होतं.

ती मुलगी मागे आईजवळ उभी होती. मी तिच्याजवळ गेले आणि कानात म्हटलं, “त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती.”

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग घाटावरच्या गर्दीकडे बोट केलं. “मंग तितं मोठ्यानं सांगा की, बाई.”

मी वळले. तोवर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता आणि लोक आपापल्या चपला शोधत होते.