गर्दीतला आखूड पट्टा

जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत. मी आमच्या कुत्रीचं काढत नाही. ती खरं तर आमच्या लेकीची. लेकीला बंगळुरूला नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना, म्हणून "आई, थोडेच दिवस गं" म्हणत तिनं ती पनवेलजवळ करंजाड्याला आमच्या फ्लॅटवर आणून सोडली. थोडे दिवस कसले! लेक दिवाळीला येते नि जाते, ही बया कायमची सोफ्यावर पसरलेली. तपकिरी रंग, रस्त्यावरचीच जात, पुढचे दोन पाय पांढरे. दिसायला गोड आहे, नाही कशाला म्हणू? पण डोळ्यांत सलते मेली.

ती सलते आमच्या ह्यांच्यामुळे. ती आली तेव्हा हे नुकतेच रिटायर झाले होते. उभा जन्म न्हावा शेव्याच्या बंदरावर एका कंपनीत कंटेनरची कागदपत्रं क्लिअर करण्यात गेला. सकाळी डबा घेऊन जायचे, रात्री मान मोडल्यासारखे यायचे, जेवताना टीव्ही आणि मग झोप. माझ्याशी बोलणं म्हणजे "मीठ कमी आहे" आणि "दूधवाल्याला सांग". मला वाटायचं, माणूस थकलाय, रिटायर झाल्यावर बोलेल. झाले रिटायर. आणि बोलायला लागले की हो, चांगले तासन्‌तास बोलायला लागले. कुत्रीशी!

"काय गं बाळा, झोप नाही झाली वाटतं आज?" मी स्वयंपाकघरातून ओ देणार तोवर कळायचं, आपल्याला नाही विचारलेलं.

लेकीनं जायच्या आधी कुत्रीला शिकवायला एक माणूस लावला होता. कुत्री काय शिकली देव जाणे, हे मात्र सगळं शिकले. ऑफिसातल्या नियमांसारखे ह्यांनी ते नियम पाठ केले आणि सोसायटीच्या बागेत दिसेल त्याला ऐकवायला लागले. "गर्दीत पट्टा आखूड हवा. मनगटाला गुंडाळायचा नाही, बोटात अडकवायचा नाही, ओढ बसली की बोट गेलंच म्हणून समजा. एका हातात टोक, दुसऱ्या हातानं मध्ये धरायचा. कुत्रं आपल्या डाव्या बाजूला, गाड्यांपासून लांब. समोरून लहान मूल आलं, म्हातारं माणूस आलं की आपण थांबायचं, त्यांनी नाही. आपल्याला ते बाळ वाटतं, पण समोरच्याला कुत्रंच दिसतं." लोक माना डोलवायचे. काही जण पुढच्या वेळी ह्यांना लांबून पाहून वाट बदलायचे.

नियमांना माझी ना नाही. उलट बरोबरच आहे माणसाचं. पण मी मागून चालत हे सगळं बघत असते. समोरून रिक्षा आली की हे तिला अलगद आत घेतात. ती हुंगायला थांबली की हेही थांबतात. दर चार पावलांनी मान खाली घालून तिच्याकडे बघतात, आहे ना, बरी आहे ना. उन्हाळ्यात तर कहर करतात. बाहेर पडण्याआधी वाकून हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघतात, रस्ता तापलाय का, तिचे पाय भाजतील का. मी बाजूला रबरी चपलांत उभी. अहो, माझेही पायच आहेत ना?

आणि माझ्याबरोबर हे कसे चालतात, ते ऐका. लग्न झाल्यापासून हे पुढे आणि मी मागे. लग्न नवीन होतं तेव्हा दादरच्या मंडईत मी ह्यांच्या शर्टाच्या पाठीवर नजर ठेवून चालायची, कारण शर्ट हरवला की मी हरवले. एकदा माझी चप्पल तुटली. मी हाका मारल्या, पण माणूस गेला तो गेलाच. चांभार शोधला, चप्पल शिवून घेतली, विचारत विचारत घरी पोचले, तर हे गॅलरीत पेपर वाचत बसलेले. म्हणाले, "आलीस? चहा टाक." मी मागे राहिलेय, हेच ह्यांना कळलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी ह्यांची पाठच जास्त पाहिलीय, तोंड कमी.

म्हणून जळते मी. कुत्रीवर जळते. लाज वाटायला पाहिजे ह्या वयात, पण नाही वाटत. माझी मावसबहीण हसते मला. "अगं, मुकं जनावर ते, त्याच्याशी कसली बरोबरी करतेस?" मी तिला म्हटलं, मुकं आहे म्हणूनच ना, मी बोलते तर कुठे ऐकू येतंय.

मागच्या वर्षी गौरी यायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. कुत्रीला इंजेक्शन द्यायचं होतं म्हणून आम्ही तिला गाडीत घालून पनवेलला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. काम झालं तेव्हा मी म्हटलं, आलोच आहोत तर बाजारातून गौरीचं सामान घेऊ. ह्यांनी लगेच तोंड वाकडं केलं. "आजच्या गर्दीत हिला न्यायचं नाही. मी हिच्याबरोबर गाडीत थांबतो, तू जाऊन ये."

झालं! हे एसी लावून तिच्याबरोबर बसणार आणि मी एकटी पिशव्या ओढणार. माझा पारा चढला. "गौरी काय माझ्या एकटीच्या माहेरच्या आहेत?" मी म्हटलं. "नारळ, फळं, तेरडा, सगळं मी एकटीनं उचलायचं? चला मुकाट्यानं." हे एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत उतरले. पट्टा आखूड करून दोन्ही हातांत घेतला आणि निघाले.

बाजार नुसता फुलला होता. आमच्या भागात गौर तेरड्याची बसते, म्हणून गावागावांतल्या बायका तेरड्याच्या पेंड्या घेऊन रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसलेल्या. मधून माणसं, स्कूटर, हातगाड्या, मखरं डोक्यावर घेतलेले लोक. कुठल्या तरी मंडळाचा ताशा वाजत होता. ह्या गर्दीतून हे तिला असे नेत होते, की बघत राहावं. कोणाला तिचं शेपूट लागलं नाही की नाक लागलं नाही. आणि मी नारळाच्या पिशवीसकट मागे, लोकांचे धक्के खात.

तेवढ्यात एक तरुण आला. बरोबर मोठं केसाळ, निळ्या डोळ्यांचं कुत्रं. हातात ती रिळाची दोरी, बटण दाबलं की सुटत जाते आणि सोडलं की गुंडाळते, तसली. कानाला फोन, आणि कुत्रं पार पुढे, ह्याच्या आणि कुत्र्याच्या मध्ये ती बारीक दोरी, गर्दीत दिसतही नव्हती. हे थांबले. "अहो, ती दोरी लॉक करा, जवळ घ्या त्याला. कोणीतरी अडकून पडेल."

"काही करत नाही अंकल, फ्रेंडली आहे तो," असं म्हणून तो फोनवर पुन्हा सुरू.

हे कपाळाला आठ्या घालून आमच्या हिला घेऊन पुढे सटकले. मी एका बाईजवळ तेरडा बघत होते. मान वर केली तर ह्यांची पाठ बरीच लांब गेलेली. "अहो!" मी हाक मारली. "अहो, थांबा जरा!" ताशा चालू होता. पिशव्या उचलून मी पुन्हा हाक मारली आणि घाईघाईनं निघाले. तेवढ्यात त्या निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यानं आमची कुत्री पाहिली आणि अशी धूम ठोकली, की रिळाची दोरी करकरत सुटली ती सरळ माझ्या घोट्यांभोवती. चटका बसल्यासारखं झालं आणि मी आडवी. तेरड्याच्या पेंड्यांवर पडले म्हणून वाचले, नाहीतर डोकंच फुटायचं. नारळ गडगडत गेले. पडता पडता तोंडातून "अहो!" निघालं, ते मात्र किंचाळल्यासारखं.

ह्यांनी वळून पाहिलं.

मी जमिनीवरून ह्यांचा चेहरा पाहिला. असा चेहरा मी ह्यांचा कधी पाहिला नव्हता, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. आणि ह्यांचे हात उघडले. दोन्ही. पट्टा खाली पडला, आणि हा सगळ्या गावाला शिकवणारा माणूस माणसांना ढकलत, कोणाची तरी टोपली लाथाडत माझ्याकडे धावत आला. गुडघ्यांवर बसला. माझं तोंड दोन्ही हातांत धरून "लागलं का? कुठे लागलं? बोल ना गं" असं काहीबाही बोलत राहिला.

खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला. घोट्यातून रक्त येत होतं, कोपर ठणकत होतं आणि मी मनात म्हणत होते, बघ गं बये, बघ, सोडलं तुला!

मग माझ्या लक्षात आलं, सोडलं म्हणजे खरंच सोडलं. ह्यांच्या खांद्यावरून पाहिलं तर ती कुठेच नव्हती. त्या धिप्पाड कुत्र्याला आणि ताशाला घाबरून ती पट्टा फरफटवत पळाली होती, आणि बाजार संपला की मोठा रस्ता, त्यावर बंदराकडे जाणारे ट्रेलर. "अहो, ती गेली! रस्त्यावर जाईल! जा ना!" ह्यांना कळेचना. माझा हात सोडवेना. शेवटी मीच ह्यांना ढकललं.

तेरडेवाल्या बाईनं मला बसतं केलं, बाटलीतलं पाणी पायावर ओतलं. "नवरा हाय का तुजा? मंग जाऊ दे त्याला. तुला आमी हाव," म्हणाली. तो तरुण रडवेल्या चेहऱ्यानं माझ्या पायातली दोरी सोडवत होता. त्याचीही बोटं दोरीनं सोलवटली होती. मला त्याच्यावर ओरडायचंही सुचलं नाही. मी रस्त्याकडे कान लावून बसले होते. ब्रेक करकचला की मान उंच करून बघायची. देवा, तिला काही होऊ देऊ नको, मी म्हणत होते, आणि हेही म्हणत होते की तिला काही झालं तर हा माणूस मला जन्मभर माफ करणार नाही.

हे परत आले ते तिला उचलून घेऊनच. पट्टा एका उभ्या मोटरसायकलच्या स्टँडात अडकला होता म्हणून ती रस्त्याच्या अलीकडेच राहिली. ओढून ओढून मान सोलवटली होती. त्याआधी तिच्या मागे लोंबणाऱ्या पट्ट्यामुळे एका स्कूटरवालीला करकचून ब्रेक मारावा लागला होता, मागे तिचं लेकरू बसलेलं. ती बाई ह्यांच्या मागोमाग आली होती. "कुत्रं सांभाळता येत नाही तर बाजारात आणता कशाला? माझं पोरगं पडलं असतं तर?" सगळा बाजार बघत होता. हे मान खाली घालून उभे. "चुकलं माझं, ताई," म्हणाले. "हात सुटला." त्या तरुणाला ह्यांनी एक शब्द ऐकवला नाही.

घरी आल्यावर लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ह्यांनी तेच सांगितलं. पट्टा निसटला. "बाबा! तुमच्या हातून?" लेक ओरडली. ह्यांनी ऐकून घेतलं. माझी नुसती चडफड होत होती. का सांगत नव्हते? बायकोसाठी सोडला, असं सांगायला जीभ झडणार होती का? आयुष्यात एकदा काहीतरी माझ्यासाठी केलं, तेही चोरीच्या मालासारखं लपवून ठेवायचं!

डॉक्टरांनी माझा पाय बांधून दिला होता, तो स्टुलावर ठेवून मी बसले होते. हे जमिनीवर मांडी घालून तिच्या मानेला मलम लावत होते. मला राहवेना.

"निसटला नाही तो. तुम्ही सोडलात. मी बघितलंय."

हे मलम लावत राहिले. मग म्हणाले, "हो. सोडायला नको होता."

मला वाटलं, तो स्टूल उचलून फेकावा. "म्हणजे मी तशीच पडून राहायला हवं होतं?"

"तसं नाही गं. पट्टा धरूनही येता आलं असतं की मला. ते पोरगं पडलं असतं आज. मला सुचलंच नाही. तू पडलेली दिसलीस आणि काही सुचलंच नाही."

ह्यांनी मलमाचं झाकण लावलं आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "पण तू इतकी मागे का राहतेस नेहमी?"

"मी मागे राहते? अहो, पुढे तुम्ही पळता!"

"मग हाक मारायची ना."

"मारतेच. लग्न झाल्यापासून मारतेय," मी म्हटलं. "आज पडले, म्हणून ऐकू गेली."