हरणमाळाचे अप्पा

अप्पांच्या दुकानात सामान मागण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. "माळावरनं आलाव का? दिसली का?" कोण दिसली, असं उलट विचारणारा परगावचा समजावा. हरणं दिसली म्हटलं की साखर तोलताना अप्पांचा हात सैल पडे. हे ओळखून काही चलाख बायका माळाकडे न फिरकताच "दिसली की, चांगली उड्या मारत व्हती" असं ठोकून देत. अप्पांना थाप कळायची. साखर तरीही जास्तच पडायची.

चौसाळ्याकडून आमच्या गावाला वळताना हमरस्त्याला लागूनच मोठा माळ आहे. त्याचं नाव हरणमाळ. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव आणि माळाची चराई संस्थेच्या ताब्यात, त्यामुळे माझी अर्धी हयात त्या माळावरच्या गवताची भांडणं मिटवण्यात गेली. अप्पांनी आणेपर्यंत हरीण मात्र तिथे माझ्या पिढीने कधी पाहिलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात पाणवठे आटले तेव्हा काही मेली, आणि उरलेली लोकांच्या चुलीवर चढली. अप्पा तेव्हा पोरसवदा होते. घर लिंगायत वाण्याचं, मांसाला न शिवणारं. पण अप्पा म्हणत, "आमच्या घरी शिजलं न्हाई हे खरं. पर तिकट-मीठ आमच्याच दुकानातनं गेलं की. मंग आमी कसे सुटलो बे?"

हरणं परत आणायचं वेड त्यांनी डोक्यात घेतलं ते साठी उलटल्यावर. गेवराईकडे गोदाकाठच्या शेतांत हरणांनी उच्छाद मांडला होता. तिथली थोडी धरून आमच्या माळावर सोडायला वनखातं तयार झालं. अट एवढीच की संस्थेने माळाचा वरचा भाग गुरांना बंद ठेवायचा. झालं, सभेत रणकंदन. विरोधात मी सगळ्यांत पुढे. इथे म्हशींना वैरण पुरेना आणि हे हरणं आणणार, म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! "हरणाचं दूध डेअरीला घालणार का अप्पा?" असं मी भर सभेत विचारलं. लोक खो खो हसले. अप्पा शांतपणे उठले. "सचिवसायब, माळ त्यांच्या नावावर हाय अन् कब्जा आपला. तुमच्या बांधाचं कुनी असं केलं तर तुमी कोर्टात जाता का न्हाई?" माझा चुलतभावाशी बांधाचा दावा चालू होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. पुन्हा हशा झाला, आता माझ्यावर. ठराव मंजूर झाला.

हरणं आली तेव्हा गाडीचं दार उघडूनही ती उतरेनात. मग एका मादीने उडी घेतली आणि तिच्यामागे सगळी सुटली. अप्पा चारचौघांत रडत होते आणि डोळे पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. पुढच्या वर्षी माळावर पाडसं दिसली.

त्यानंतर पावसाने ओळीने दगा दिला. गावाला टँकर सुरू झाले. अप्पांनी माळावर हौद बांधून घेतला आणि टँकरवाल्याला गळ घालून तो भरून घेऊ लागले. टँकरवाला लांबूनच हॉर्न वाजवी, अप्पा मीठ आणि ज्वारी घेऊन निघत. हळूहळू हरणांनाही तो हॉर्न कळायला लागला. वाजला की कळप धावत येई आणि अप्पांच्या हातातून खाई. लोक पाहुण्यारावळ्यांना बघायला आणत. खोटं कशाला सांगू, मीही रोज जाऊ लागलो. ती खरखरीत जीभ तळव्याला लागली की मला दिवसभर बरं वाटे.

एका दुपारी हमरस्त्यावरून दुसराच कुठला तरी टँकर चालला होता. समोर काही आडवं आलं असेल, त्याने हॉर्न वाजवला. तहानलेला कळप उधळत खाली आला आणि थेट रस्त्यावर गेला. पलीकडून भरधाव ट्रक येत होता.

पुढे धावलेल्यांतलं एकही वाचलं नाही. अप्पा आले, मेलेल्या मादीशेजारी डांबरावरच बसले. म्हणाले, "मानसाचं भ्या हीच रानातल्या जीवाची कवचकुंडलं. म्या मीठ दिऊन काढून घेतली."

दुसऱ्या दिवसापासून हौद पहाटे झाकटीलाच, हॉर्न न वाजवता भरून ठेवला जाऊ लागला, आणि अप्पा दगड घेऊन माळावर उभे राहू लागले. मुंगी पायाखाली आली तर वळसा घालणारा हा माणूस! पहिल्या दिवशी एक पाडस सवयीने जवळ आलं. अप्पांनी दगड मारला. पाडस जरा मागे सरलं, थांबलं, आणि परत पुढे येऊन तो दगडच हुंगायला लागलं. त्याला वाटलं मीठ आहे. मी पुढे झालो. म्हटलं, "अप्पा, तुमी घरी जा. मी मारतो."

"न्हाई," ते म्हणाले. "तू मारलास तर ते पळत माझ्याकडंच यील. ज्यानं चारलं त्यानंच मारायला पायजे."

आणि त्यांनी दुसरा दगड उचलला. तो लागला. पाडस लंगडत गेलं.

रोज हेच. घरी आल्यावर अप्पांना जेवण जाईना. त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, ताट झाकून बसून राहत. दुकानातला तो प्रश्नही बंद झाला. एखादी बाई आपणहून सांगू लागली की अप्पा विचारत, "किती लांबून दिसली?" जवळून म्हटलं की त्यांचा चेहरा पडे.

पाऊस पुन्हा नीट पडू लागला तसे अप्पा खचत गेले. पोळा झाला आणि ते गेले. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, फुलांनी सजवून, भजन म्हणत आम्ही माळावरून त्यांच्या शेताकडे निघालो. टेकाड ओलांडलं तर समोर कळप चरत होता. त्यात नवी पाडसंही होती. भजन आपोआप थांबलं. हरणांनी माना वर केल्या, आमच्याकडे पाहिलं आणि क्षणात उधळली. उतारापलीकडे नाहीशी होईपर्यंत ती पळतच होती.

"एकानंबी वळून बघितलं न्हाई," आक्का म्हणाल्या. सकाळपासून त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या माळावरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.