पाण्याकडे तोंड केलेलं घर

माझा थोरला भाऊ पुण्याला असतो, म्हणजे त्याला सगळं कळतं. नेकनूरच्या पुढं, आमच्या गावाच्या तळ्याकाठी त्यानं प्लॉट घेतला आणि आधी आमची शिकवणी घेतली. केबिन वेगळी, लेक होम वेगळं. केबिन म्हणजे आत शिरून बसायचं घर. भिंती जाड, खिडक्या बारक्या, छत ठेंगणं. लेक होम म्हणजे बाहेर बघत बसायचं घर. काचा मोठ्या, छत उंच, तोंड पाण्याकडे. आमच्याकडे केबिन एक तर ट्रकला असते, नाहीतर बँकेतल्या साहेबाला.

त्याच्या हिशेबानं आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, शेतातला आखाडा, म्हणजे राखणीची खोली, ही अस्सल केबिन. आई गेल्यापासून ते तिथंच राहतात. दगडमातीच्या भिंती, हात जाईल एवढी खिडकी, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर धोंडे. दार रस्त्याकडे आणि दारात कडुलिंबाखाली बाज. येणारा-जाणारा राम राम घालतो, बसतो, तंबाखू मळतो. भावाला हे बघवत नव्हतं. आबांचं म्हातारपण त्या डबड्यात जाऊ नये, त्यांनी तळ्याकाठी सुखात राहावं, एवढ्यासाठी त्यानं ते घर बांधलं. त्याबद्दल मी त्याला हसणार नाही. बाकी सगळ्याबद्दल हसेन.

पाण्याकडे तोंड म्हणजे पश्चिमेला तोंड. दुपार कलली की ऊन काचेतून थेट सोफ्यावर येऊन बसायचं आणि माणसं न्हाणीघरात, कारण सावली तिथंच. एसी होता, वीज नसायची. छपराला दोन्हीकडून झकास उतार, परदेशातल्या फोटोत बघून काढलेला, बर्फ घसरून पडावा म्हणून. बीड जिल्ह्यात बर्फ रसवंतीवर मिळतो. आणि सगळं तोंड तळ्याला दिल्यावर रस्त्याला पाठच उरली. वास्तुशांतीला आलेले पाहुणे दार शोधत संडासाच्या भिंतीला वळसे घालत होते.

“कावून रं, गावावर रुसून बांधलंस का घर?” मावशीनं विचारलं.

आबा आले, जेवले, काचेकडे पाठ करून बसले आणि दिवस मावळायच्या आत चपला शोधायला लागले.

“ऱ्हावा की आबा. तुमच्यासाठीच बांधलंय,” भाऊ म्हणाला.

“गरम लई होतंय.”

भावानं इन्व्हर्टर बसवला. आबा म्हणाले, हितं कुणी येत न्हाई, जात न्हाई. त्यानं रस्त्याच्या बाजूनं दार फोडलं. आबा म्हणाले, डास हायत. त्यानं जाळ्या मारल्या. दर खेपेला आबांना नवा दोष सापडायचा आणि भावाचं तोंड आणखी उतरायचं. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय.

यंदाच्या उन्हाळ्यात तळं आटलं. भावाची अब्रूच गेली. काचांबाहेरच्या लाकडी डेकसमोर नुसता भेगाळलेला गाळ, त्यात कुणीतरी काकड्या लावलेल्या. पुण्याच्या मित्रांना बोलावलं होतं, त्यांना त्यानं घाईघाईनं काहीतरी थाप मारली. आणि नेमकं तेव्हाच गावाकडून कळलं की आबा बाज घेऊन लेक होमवर राहायला गेले.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा आबा भर उन्हात काचेला नाक लावून बसले होते. बंडी घामानं चिंब, चेहरा मात्र आई असताना असायचा तसा.

“ही बग आपली हीर,” ते मला म्हणाले. गाळातून विहिरीचा कठडा वर आला होता. “त्यो बांध. पल्याड चिंचंचं खोड. समदं जाग्यावर हाय.”

तळ्याखालची ही जमीनही आमचीच होती. सरकारनं तळ्यासाठी घेतली, मोबदल्यात भाऊ पुण्याला शिकला, माझं लग्न झालं. हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. तरी ज्या पाण्याकडे भावानं घराचं तोंड केलं, त्याच्याकडे आबा पाठ का करतात, हे एवढ्या दिवसांत आमच्या शिकलेल्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला स्वतःचाच राग आला.

भावाच्या डोक्यात तेव्हाही शिरलं नाही. आबा राहिले, यातच तो खूष.

“आता पाऊस पडू द्या आबा,” तो म्हणाला. “तळं भरलं की बघा हितून कसं दिसतंय.”

आबांनी काचेवरची नजर काढली नाही.

“त्याच्या आदी मला आखाड्यावर नेऊन सोड,” ते म्हणाले. “बुडताना येकदा बगितलंय म्या.”