बिनआजाराची कॉफी

“थांबा, उतरतीय.”

एवढं म्हणून सिस्टर उजव्या हाताचा पंजा आडवा धरायच्या, चौकातला पोलीस धरतो तसा. समोर मी असो, सरपंच असो, नाहीतर जिल्ह्याहून तपासणीला आलेले साहेब असोत. आत ओट्यावर स्टीलचं दोन मजली भांडं असायचं. वरच्या मजल्यात कॉफीची पूड आणि तिच्यावर ओतलेलं कढत पाणी, खालच्या मजल्यात थेंब थेंब साठणारा काळाकुट्ट अर्क. तो उतरेपर्यंत बाळंतपण सोडून जगातलं कुठलंच काम त्यांना तातडीचं वाटत नसे. साहेबांनी एकदा घड्याळाकडं बघितलं, तर म्हणाल्या, “साहेब, बघून ती लवकर उतरत नाही. मी करून बघितलंय.” साहेब गुमान बसले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कडेगावजवळच्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात मी औषधं द्यायला होतो. कागदावर औषध निर्माता, गावाच्या तोंडी कंपौंडर. मूळचा मी सांगलीचा आणि पक्का चहाबाज. चहा मिळाला नाही तर मी माणसात नसतो, असं आमची बायको सांगते. मिळाल्यावरही फारसा नसतो, हेही तीच सांगते. लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा आई जायफळ घालून कॉफी द्यायची, एवढाच माझा आणि कॉफीचा संबंध. कॉफी म्हटलं की मला अंगावर गोधडी आणि कपाळावर ओली पट्टी आठवायची.

आणि मी एकटाच असा नव्हतो हो. आमच्या भागात कॉफी हे आजाऱ्याचं पेय. तापकऱ्याला कॉफी, उपासकऱ्याला कॉफी, फारच मोठा पाहुणा आला तर त्याला कॉफी. धडधाकट माणसानं रोज सकाळी उठून कॉफी प्यायची म्हणजे हाड न मोडता प्लास्टर घालून फिरायचं.

त्यामुळे सिस्टर आमच्या केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या आणि पहिल्याच सकाळी कॉफीचा वास रस्त्यावर आला, तेव्हा समोरची चाची धावत दारात आली. चाचीचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि सगळ्या गल्लीची काळजी तिच्याकडंच होती.

“सिस्टर, कोन आजारी हाय वं?”

“कोणी नाही चाची. मी पितेय.”

“मग तुमास्नी काय झालंय?”

“काही नाही झालं.”

चाची मान हलवत गेली आणि थोड्या वेळानं वाडगाभर पातळ खिचडी घेऊन आली. सिस्टरांनी ती खाल्ली. “चांगली होती,” मला म्हणाल्या, “पण रोज आली तर मी खरंच आजारी पडेन.” रोज नाही, पण बरेच दिवस आली.

सिस्टर मूळच्या रहिमतपूरच्या. नर्सिंग शिकायला मिरजेत वसतिगृहात राहिल्या, तिथं खोलीत चिकमंगळूरकडची एक मुलगी होती. तिनं यांना कानडी शिकवायचा प्रयत्न केला, तो फसला. कॉफी शिकवली, ती अशी भिनली की लग्न राहिलं पण कॉफी राहिली नाही. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणायच्या आणि खळखळून हसायच्या.

त्यांना एकच घोर होता. आई. वडील लवकर गेलेले, आईनं दुसऱ्यांच्या आल्याच्या शेतात खुरपणी करून लेकीला शिकवलेलं. आता म्हातारी रहिमतपुरात एकटी, आणि अजूनही खुरपायला जायची. सिस्टरांचा जीव तिथं टांगलेला. तिला कायमचं आपल्याजवळ आणून ठेवायचं, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. आणि म्हातारी काही राहायला तयार नव्हती.

पहिल्यांदा आणली तेव्हा मी तिथंच होतो. सिस्टरांनी नव्या कपात कॉफी केली, वर फेस आणला, आईपुढं ठेवली. म्हातारीनं एका बोटानं कप लांब सरकवला.

“मला काय झालंय?”

“आई, बरं नसलं तरच पितात असं नाही गं.”

“मी चांगली धट्टीकट्टी हाय. च्या कर.”

आठवडा व्हायच्या आत म्हातारी पिशवी घेऊन एष्टी स्टँडवर. पुढं दर खेपेला हेच. सिस्टरांनी मनाशी एक खूणगाठच बांधली. मला म्हणायच्या, “भाऊ, आई ज्या दिवशी कॉफी घेईल ना, त्या दिवशी समजा ती राहिली.” म्हटलं, सिस्टर, हे कसलं गणित? तर म्हणाल्या, “तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही चहावाले.”

मला त्यांनी बाटवलं ते सांगतो. गावात चहाची टपरी एकच. टपरीवाला भावकीतल्या लग्नाला गेला, आणि मी तोंड पाडून सिस्टरांच्या दारात उभा राहिलो. पहिल्या घोटाला माझं तोंड असं झालं की विचारू नका. “सिस्टर, ह्यापेक्षा कडू मिक्श्चर माझ्याकडं फुकट आहे.”

“उद्या परत या,” त्या म्हणाल्या, पेशंटला सांगतात तशा सुरात.

गेलो. टपरीवाला अजून आलेला नव्हता, नाइलाज होता. तो आल्यावरही गेलो, तेव्हा मात्र कुठला नाइलाज होता ते मला सांगता येत नाही.

मग तो दारूचा घोटाळा झाला. आमच्या केंद्राचा शिपाई मोठ्या अभिमानी स्वभावाचा. फिल्टरमधून पहिल्यांदा जो दाट अर्क उतरतो तो खरा, त्याच पुडीवर पुन्हा पाणी घातलं की उतरतो तो पांचट, हे सिस्टरांनी त्याला समजावलं होतं. त्यानं ते पानपट्टीवर आपल्या भाषेत सांगितलं: “आमच्या सिस्टरकडं पहिल्या धारेची मिळती. लय कडक.”

आता आमच्याकडं पहिल्या धारेची म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी दोन सभ्य गृहस्थ क्वार्टरच्या मागच्या दारानं आले. एकानं तर स्वतःचा ग्लास आणला होता, शेंगदाण्यांच्या पुडीसकट.

“सिस्टर, ऐकलं ते खरं का?” ग्लासवाल्यानं दबक्या आवाजात विचारलं.

“खरं की. बसा. थांबा, उतरतीय.”

दोघं एकमेकांकडं बघून बसले. तेवढ्यात पुढच्या दारानं पोलीसपाटील. बातमी त्यांच्याही कानावर गेली होती. पाटील आत आले, त्यांनी दोघांना बघितलं, दोघांनी त्यांना बघितलं, आणि शेंगदाण्याची पुडी शर्टात गेली. सिस्टर बिचाऱ्या कप विसळत होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. “पाटील, तुम्हीपण? या की! आज गर्दीच आहे!”

पाटलांनी कप नाकाशी धरला. वास घेतला. घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवून गिळला.

“ह्यात काय न्हाई?”

“काय असायला पाहिजे?”

“न्हाई, म्हंजी... चढत न्हाई?”

“झोप उडते. पाटलाला तेवढं बरंच की.”

मला हे सगळं कळलं तेव्हा मी औषधाच्या खोलीत जाऊन पोट धरून हसलो. सिस्टरांना सांगितलं, तर त्या आधी चिडल्या, शिपायाला झापलं, आणि मग इतक्या हसल्या की इंजेक्शनला आलेलं पोर रडायचं विसरलं. पाटील मात्र पुढं अधूनमधून तपासणीला येत राहिले. तपासणी करायचे, कप पालथा ठेवायचे, जायचे.

मी पुरता गेलोय हे मला सांगलीत कळलं. सुट्टीला घरी गेलो, बायकोनं चहा पुढं ठेवला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हे काय, नुसतं पाणी?” त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच दुपारी मी मिरजेला गेलो. स्टेशनाजवळ सिस्टरांचा एक कानडी दुकानदार होता, समोर बिया भाजून दळून द्यायचा. तोवर मला कॉफी म्हणजे पूड एवढंच माहीत. त्यानं मूठभर भाजलेल्या बिया माझ्या हातावर ठेवल्या, गरम होत्या, आणि तो वास आला ना, मी तिथंच उभा राहिलो. मागचं गिऱ्हाईक मला कोपरानं ढकलत होतं तरी. अरेच्चा, हे असं असतं होय! इतकी वर्षं आपण काय पीत होतो?

परतीच्या एष्टीत पुडक्याचा वास गाडीभर झाला. मिरज म्हणजे आमच्याकडं दवाखान्यांचं गाव. त्यात हातात कॉफी. शेजारच्या आजीनं हळूच माझ्या हातावर हात ठेवला. “पेशंट कुठं ठिवलाय बाळा? लय शीरियस हाय का?” मी नाही म्हणालो, तर तिला वाटलं मी दुःख लपवतोय. उतरताना तिनं मला एक केळं दिलं.

असे दिवस मजेत चालले होते, आणि रहिमतपूरहून निरोप आला. म्हातारी बांधावरून पडली, गुडघा सुजलाय. सिस्टर तशाच निघाल्या आणि आईला घेऊन आल्या. या वेळी वाटलं, राहील. गुडघा असा की स्टँडपर्यंत चालत जाणं शक्य नव्हतं.

पण म्हातारी दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायची. औषध घ्यायची, जेवायची, कॉफीला हात लावायची नाही. चाची प्रेमानं विचारायची, “आवं, बरं वाटतंय का आता?” की ही आणखीच गप्प. सिस्टर रोज कप भरायच्या आणि रोज मोरीत ओतायच्या. एकदा ओतताना रडल्या. मला म्हणाल्या, “गावातल्या निम्म्या बायका माझ्या शब्दावर चालतात. आईच चालत नाही.” मी कप विसळून दिला.

चालायला लागल्यावर म्हातारी गेलीच.

पुढच्या महिन्यात मला साताऱ्याला मेव्हण्याकडं जायचं होतं. सिस्टर आईला बघायला निघालेल्या. पुसेसावळीच्या वाटेनं आम्ही एकत्रच गेलो, आणि त्यांच्या आग्रहानं मीही रहिमतपूरला उतरलो. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सारवलेली जमीन, दारात मोगरा. आणि म्हातारी! ही तीच बाई का, असं मला वाटलं. कमरेला पदर खोचलेला, आवाज खणखणीत. मला पाट दिला, लेकीला पाणी आणायला पिटाळलं, शेजारणीला हाक मारून “माझी ल्येक आलीया” म्हणून सांगितलं. मग लेकीच्या पिशवीकडं बोट केलं.

“त्यात ते तुजं भांडं हाय न्हवं?”

“आहे. माझ्यापुरतं आणलंय. तू पीत नाहीस.”

“कोन म्हनलं? कर की.”

सिस्टर बघतच राहिल्या. “तिकडं तर कधी शिवली नाहीस!”

“तिकडं मी तुज्या दारात. येनारं जानारं इच्यारतंय, म्हातारीला काय झालंय, लेकीनं का आनून ठिवलीया? त्यात हातात कॉफी. मग झालेच की गं आजारी! हितं माजं घर हाय. हितं मी काय बी पिईन.”

साताऱ्याचं काम उरकून मी परतलो, तेव्हा सिस्टर रहिमतपूरला माझ्याच गाडीत चढल्या. कडेगाव जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, “भाऊ, मी उगाच तिला ओढत होते. मीच जायला पाहिजे.”

जायचं म्हणजे सांगली जिल्हा सोडून सातारा जिल्ह्यात बदली. आणि जिल्हा बदलला की सेवाज्येष्ठता गेली, यादीत सगळ्यांच्या खाली नाव. सिस्टरांची बढती अगदी तोंडावर आली होती, सांगलीच्या जागेवर. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, पोलीसपाटलांनीही तपासणीला आल्यासारखं दाखवून समजावलं.

“नाव खाली तर खाली,” सिस्टर म्हणाल्या. “आई वर गेल्यावर वरच्या जागेचं काय करू?”

त्या गेल्या तेव्हा चाचीनं त्यांच्या दोन्ही हातांत बांगड्या भरल्या आणि डोळ्याला पदर लावला. नव्या बाई आल्या, फार चांगल्या होत्या, चहा प्यायच्या. मला सकाळी त्या क्वार्टरवरून जाववत नसे. मी फिल्टर विकत घेतला, मिरजेहून बिया आणू लागलो, बायकोलाही बाटवलं. पण खरं सांगू का, सिस्टरांसारखी कधी झाली नाही. मला त्यांची फार आठवण यायची.

वर्षाभरानं साताऱ्याहून येताना रहिमतपूरला उतरलो. सिस्टर ड्युटीवर, यायच्या होत्या. म्हातारी दारातच बसलेली. थकली होती, पण आवाज तोच. ओट्यावर फिल्टर भरून ठेवलेला.

“तुम्ही भरलात?” मी विचारलं.

“मग? ती दमून येती.” इकडंतिकडं बघून म्हातारी माझ्याकडं सरकली. “कंपौंडरदादा, तुमास्नी म्हनून सांगते. मला ती कॉफी आवडत न्हाई बगा. निस्ती कडूजहर.”

“अहो, मग पिता कशाला?”

“त्या दिशी भांडं ‘माझ्यापुरतं’ म्हनली न्हवं, तवा तिचं त्वांड बगवंना मला. म्हनलं, कर. आता सांजचं आली की करती, अन् दोगी बसतो हितं. च्या बसल्या बसल्या संपतोय, कॉफीचा घोट काय लवकर उतरत न्हाई. तेवढा येळ ती माज्यापाशी बसती. तिला सांगू नगा.”

नाही सांगणार, म्हणालो.

सिस्टर आल्या. मला बघून आनंदानं ओरडल्याच. हातपाय धुतले, दूध तापवलं, तीन कप भरले आणि आईच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. म्हातारी एकेक घोट घेत होती. प्रत्येक घोटाला तिच्या भुवया जराशा वर जायच्या, आणि लेक तिला दिवसभराचं सांगत होती.

“कशी झालीय गं आई?”

“ब्येस,” म्हातारी म्हणाली. उरलेली संपवली, पदरानं तोंड पुसलं आणि कप पुढं केला. “वाईच आनि घाल.”