सासऱ्यांच्या हातचा लगाम

कोल्हापुरात कायदा माझ्या सासऱ्यांइतका कोणाला पाठ नव्हता, आणि तो त्यांच्याइतक्या वेगाने कोणी मोडतही नव्हता. महाराज गादीवर येऊन काही वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. सासरे वकील होते. कोर्टात ते इतके सावकाश बोलत की साक्षीदार उभ्या उभ्या पेंगू लागे. घरी एक पान लावायला त्यांना अर्धी सकाळ लागे. पण स्वतःच्या टांग्यावर चढून लगाम हातात घेतला की हा गृहस्थ पार बदलून जाई. उपरणे कमरेला बांधले जाई, डोळे बारीक होत आणि रस्त्यात पुढे जाणारे प्रत्येक वाहन म्हणजे कोणीतरी आपल्यावर लावलेला दावाच आहे, असे त्यांना वाटू लागे. टपालाचा टांगा असो की कडब्याची बैलगाडी, तिला मागे टाकल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. एकदा त्यांनी एका वरातीलाच मागे टाकले. ते पाहून नवरदेवाच्या घोड्याला चेव आला आणि बिचारा नवरदेव वाजंत्री, वऱ्हाडी, नवरी सगळ्यांना सोडून एकटाच पंचगंगेच्या घाटावर जाऊन पोहोचला. सासूबाईंनी त्यांच्या शेजारी बसणे केव्हाच सोडले होते. "मला देवळात जायचंय, देवाघरी नाही," असे सांगून त्या अंबाबाईला पायी जात.

मी मुलगी बघायला आलो तेव्हा मला घ्यायला ते स्वतः स्टेशनवर आले होते. त्याच वेळी दस्तगीर टांगेवालाही उतारू घेऊन निघाला. हा दस्तगीर त्यांचा गावातला एकमेव तोडीचा प्रतिस्पर्धी. "काय वकीलसाहेब, आज पावणं हाईत, हळू जाणार जणू!" एवढेच तो म्हणाला. पुढचे मला नीट आठवत नाही. माझी पगडी कोणत्या तरी पेठेत उडाली आणि मी बोडक्या डोक्याने, धुळीने भरून सासुरवाडीच्या दारात उतरलो. मुलगी पदरात तोंड लपवून हसली, आणि लग्न ठरले ते त्या हसण्यावरच. सासरे मात्र अखेरपर्यंत सांगत, "जावईबापू, दस्तगीर आपल्या मागे राहिला, हा शुभशकुन होता."

पुढे टांगेवाल्यांच्या शर्यतींविरुद्ध तक्रारी वाढल्या आणि दवंडी पिटली गेली: शहराच्या रस्त्यांवर जनावर भरधाव हाकणाऱ्यास दंड होईल आणि टांगेवाल्याचा बिल्ला जप्त होईल. सासऱ्यांनी तो हुकूम चष्मा लावून दोनदा वाचला आणि तोंड भरून त्याचे कौतुक केले. "उत्तम मसुदा आहे. फक्त भरधाव म्हणजे किती, ते लिहायचं राहिलंय." त्या राहिलेल्या जागेतून ते आणि दस्तगीर पुढे कित्येक महिने टांगे पळवीत होते. चौकातला हवालदार त्यांचा टांगा दिसला की पाठ फिरवून मिशीला पीळ देत उभा राही. वकिलाला अडवून कायदा ऐकत बसण्यापेक्षा त्याला ते सोयीचे होते.

आणि एके सकाळी गंगावेशीजवळ व्हायचे ते झाले. सासऱ्यांनी वळणावर आतून टांगा घातला, जागा द्यायला दस्तगीरने कडेला घेतला आणि त्याच्या चाकाचा धक्का एका म्हाताऱ्या माळणीला बसला. भाजीची पाटी उलटली, म्हातारी पडली, तिचा हात मोडला. सासरे परत फिरले. तिला आपल्या टांग्यात निजवून त्यांनी दवाखान्यात नेले. तेवढा एकच प्रवास त्यांनी पावला-पावलाने केला.

खटला एकट्या दस्तगीरवर झाला. दुसरा टांगा कोणाचा होता, ते हवालदाराला म्हणे धुळीत दिसलेच नव्हते. दस्तगीर संध्याकाळी सासऱ्यांच्या ओसरीवर आला आणि जोत्याशी टेकून उभा राहिला.

"साहेब, बिल्ला गेला तर पोरंबाळं काय खाणार? तुमीच उभं ऱ्हावा. तुमचं नाव मी घेणार न्हाई. आईची आण हाय."

सासऱ्यांनी वकीलपत्र घेतले. त्या दिवशी कोर्ट खचाखच भरले होते. आता भरधाव या शब्दाची चिरफाड होणार म्हणून इतर वकील कोट सावरून बसले होते. सासरे उठले, नेहमीपेक्षाही सावकाश उठले, आणि म्हणाले, "रावसाहेब, दुसरा टांगा माझा होता. कडेला घ्यायला मी याला भाग पाडलं."

मॅजिस्ट्रेट गोंधळले. "अहो, तुम्ही आरोपीचे वकील आहात!"

"होतो. आता दुसरा आरोपी आहे. याला दुसरा वकील बघून द्यावा."

"साहेब, गप बसा की!" पिंजऱ्यातून दस्तगीर ओरडला. त्याबद्दल त्याला समज मिळाली.

दंड दोघांनाही झाला. दस्तगीरचा बिल्ला थोड्याच दिवसांत परत मिळाला. सासऱ्यांना मात्र शहराच्या हद्दीत लगाम धरायची कायमची मनाई झाली आणि त्यांची वकिलीची सनदही बरेच महिने अडकून पडली. म्हातारीचे औषधपाणी त्यांनी केले. हात सांधला, पण वाकडाच राहिला. घोडी विकली गेली. सनद परत मिळाल्यावर रोज दस्तगीरच त्यांना कोर्टात नेई आणि ते मागे बसून, मांडीवर हात घट्ट धरून, रस्त्याकडे न बघता जात.

सासऱ्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी एकदा मी त्यांच्याबरोबर उचगावला निघालो होतो. गाव मागे पडले तसा दस्तगीरने टांगा थांबवला आणि लगाम पुढे केला. "साहेब, हद्द सपली. घ्या की. रस्ता मोकळा हाय."

त्यांनी लगाम घेतला. बोटांनी तो चाचपला, हलकेच झटका दिला आणि घोडा दुडक्या चालीने निघाला. त्यांचे डोळे बारीक होताना मी पाहिले. तेवढ्यात दूरवर डोक्यावर भारा घेतलेली एक बाई रस्त्याच्या कडेने चालताना दिसली. सासऱ्यांनी लगाम खेचला आणि टांगा उभा केला.

"लई लांब हाय ती, साहेब," दस्तगीर हळूच म्हणाला.

"असू दे. जाऊ दे तिला."

ती बाई उसाच्या वाटेला वळून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघे त्या मोकळ्या रस्त्यावर तसेच बसून राहिलो. मग त्यांनी लगाम दस्तगीरच्या हातात दिला.