जाऊन राह्यली

मी घरबसल्या दुभाष्याचं काम करते. चांद्याजवळच्या पॉवर स्टेशनच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. परदेशातल्या एखाद्या विमानतळावर मराठी माणूस अडकला, की तिथला अधिकारी फोन लावतो आणि तो माझ्यासारख्या कोणाकडे तरी येतो. त्याचं इंग्रजी मी मराठीत सांगायचं, माणसाचं मराठी इंग्रजीत. पदरचं काही घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही आणि फोन संपला की विसरून जायचं. हे शेवटचं मला जमत नाही. आमचे हे चिडवतात, "फुकटचा जीव लावून राह्यली तू." यांचं काय जाते बोलायला! पॉवर स्टेशनातली मशीन थोडीच रडून दाखवते यांना.

अडकलेली माणसं बहुतेक वयस्क असतात. रात्रभर विमानात पाय लोंबकळत ठेवून आलेली. उतरल्याबरोबर भली मोठी रांग, मग बोटांचे ठसे, मग फोटो, मग काचेमागून प्रश्न: का आलात, कोणाकडे, किती दिवस, परत कधी. बरं, प्रश्नात वाईट काही नसते. पण शाळेत कधी उभं केलं नसेल तसं उभं केल्यावर माणूस गडबडतोच. एक उत्तर इकडचं तिकडे झालं की बाजूच्या खोलीत नेऊन बसवतात.

त्या दुपारी अशाच एका खोलीतून फोन आला. अधिकारी शांतपणे बोलत होता. म्हणाला, बाई एकट्या आल्या आहेत, मुलीकडे, पाहुण्यांच्या व्हिजावर. आधीच्या दुभाष्याची लाइन कटली, पण तोवर बाईंनी सांगितलं होतं की त्या मुलीकडे राहायलाच आल्या आहेत, कायमच्या. तसं असेल तर आत सोडता येणार नाही, परतीच्या विमानात बसवावं लागेल. तुम्ही एकदा पुन्हा विचारा.

मी शिकवल्याप्रमाणे सुरू केलं, "नमस्कार. मी आपली दुभाषी आहे. आपण मुलीकडे किती काळ वास्तव्य करणार आहात?"

पलीकडून दबलेला आवाज आला, "हो जी."

"आपण मायदेशी कधी परतणार आहात?"

"हो जी."

झालं! माझाच मला राग आला. वास्तव्य म्हणे! घरात तरी बोलते का मी असं? तेवढ्यात ती बाई स्वतःशीच पुटपुटल्यासारखी बोलली, "लेकीकडे जाऊन राह्यली न बाई. उद्या सकायी तिच्या पोटाचं ऑपरेशन हाय. मले कायले बसवलं इथी?"

अहेरीकडची बोली, माझ्या माहेरची. आणि काय घोळ झाला तोही चटकन कळला. आमच्याकडे "जाऊन राह्यली" म्हणजे जात आहे, वाटेत आहे, बस. बिचाऱ्या आधीच्या दुभाष्यानं ऐकलं, गेली आणि राहिली. अरे बापा, आमच्याकडे माणूस चहा पिऊन राह्यते, म्हणून काय तो चहात बिऱ्हाड थाटते?

मी अधिकाऱ्याला म्हटलं, दुभाषीला एक खुलासा करायचा आहे. एवढी मुभा आम्हाला असते. त्यानं ऐकून घेतलं.

"म्हणजे ती राहणार नाही?"

"साहेब, राहण्याबद्दल ती अजून काही बोललीच नाही. ती फक्त निघालीय. उद्या मुलीचं ऑपरेशन आहे."

तो म्हणाला, "तिला समजेल अशा भाषेत विचारा."

मी हेडफोन नीट केला. "माय, लेकीकडे किती दिवस थांबाल? वापस कवा जाल?"

"अवं माय!" ती एवढ्यानं ओरडली की माझा कान दुखला. "तू आपल्याकडची होय का वो? कुठची?"

हेही इंग्रजीत सांगावं लागतं. सांगितलं. अधिकारी म्हणाला, हरकत नाही, उत्तर द्या.

"चांद्याची, माय. माहेर अहेरीकडलं."

मग काय, बाईचं तोंडच सुटलं. "लेक उठून फिराले लागली का मी चालली वापस. रोवण्याच्या आधी. म्हातारा एकटा हाय घरी, त्याले चूल बी पेटवता येत नाई. बैल परवडले त्याच्यापेक्षा." रोवणा म्हणजे धानाची लावणी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, हे मी समजावलं. म्हातारा आणि बैलही जसेच्या तसे इंग्रजीत पोचवले. बैलांपाशी अधिकारी हसला. त्यानं तिचं परतीचं तिकीट काढून बघितलं, ते जूनचंच होतं.

शिक्क्याचा आवाज मला इथवर ऐकू आला. "जाऊ द्या त्यांना," तो म्हणाला. "बाहेर जावई थांबला आहे."

"सुटलात माय," मी सांगितलं, "जा आता." मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

पण तिची खुर्ची सरकल्याचा आवाज येईना. मग ती हळूच म्हणाली, "तू बी चाल ना वो बाई, दरवाज्यापर्यंत. एवढ्या लोकाईत मले एकटीले भेव लागते."

हेही सांगावंच लागणार होतं. मी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं, बाई दुभाषीला म्हणतात, तुम्हीही माझ्यासोबत दरवाज्यापर्यंत चला. अधिकाऱ्यानं हलक्या आवाजात माझे आभार मानले आणि लाइन बंद झाली.

कानाला ओढ बसली म्हणून पाहिलं, तर हेडफोनची वायर ताणली गेली होती. मी खुर्चीवरून उठून दाराकडे निघाले होते.