पश्चिमेकडे तोंड असलेलं देऊळ

कॉव्हेंट्रीत आमच्या लेकीने शाळेसाठी कंबोडियातल्या अंगकोर वाटचं मॉडेल करायला घेतलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. विष्णूचं देऊळ, म्हणजे आपलंच. मग मला विचारायला नको? तिने विचारलं नाही. फोनची लाइन अडवून इंटरनेटवरून चित्रं छापली, कॉर्नफ्लेक्सचे खोके कापून कमळाच्या कळ्यांसारखी पाच शिखरं उभी केली, भोवती खंदक, त्यावरून रस्ता. गाभाऱ्यात मातीचा इवलासा बुद्ध, कारण विष्णूचं देऊळ पुढे बौद्धांचं झालं. हे तिनेच मला सांगितलं. मी म्हणालो, "हो, ठाऊक आहे." ठाऊक नव्हतं.

पालकांना मुलांची कामं दाखवायच्या ओपन इव्हनिंगच्या दिवशी ती स्विमिंगला गेलेली, तिथून थेट शाळेत येणार होती; मॉडेल मी न्यायचं होतं. मी मॉडेल न्याहाळलं आणि घाबरलोच. खालच्या बोर्डाच्या कोपऱ्यातल्या उत्तरेच्या बाणाप्रमाणे रस्ता, मुख्य दरवाजा, सगळं पश्चिमेला. देवळाचं तोंड पश्चिमेला? पोरीचं हसं होणार. मी दोन्ही उचकटून पूर्वेला चिकटवले. डिंक आमच्या कारखान्यातला, बंपर चिकटवला तर तोही निघू नये असा.

बायको म्हणाली, "अहो, तिला विचारा तरी."

"सरप्राइज आहे," मी म्हणालो.

शाळेत तिच्या शिक्षिका मॉडेलवर वाकल्या. "माहितीच्या कार्डवर तू वेस्ट लिहिलंयस, इथे तर ईस्ट दिसतंय?"

कार्ड मी वाचलंच नव्हतं. लेकीने मॉडेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात मी सरसावलो. कार्ड चुकलंय, आमच्यात देवळं पूर्वेलाच तोंड करून असतात, वगैरे. पलीकडच्या टेबलावरचे आईबापही वळून बघतील अशा आवाजात.

बाईंनी शांतपणे पुस्तकातला फोटो पुढे केला. देवळासमोर उभं राहून काढलेला, आणि शिखरांच्या मागून सूर्य उगवतोय. मी बराच वेळ बघितलं. सूर्य काही बाजू बदलेना.

"सॉरी मिस," लेक म्हणाली, "ग्लू लावताना मी मिस्टेक केली."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मघाशी थांबत नसलेलं तोंड आता उघडेना.

परतताना गाडीत ती मॉडेल मांडीवर घेऊन बसली. सोमवारी असेंब्लीत ते साऱ्या शाळेला दाखवायचं होतं.

"तुझी मिस्टेक का म्हणालीस गं?"

"बाबा, तुझा तोंड एवढी रेड झाली होती. सगळे बघत होते."

बायको खिडकीबाहेर बघू लागली. तिची ही दया मला चांगली ओळखीची आहे.

घरी येताच मी छोटी करवत काढली.

"नको," लेक म्हणाली. "मी करते. तू फक्त बोर्ड धर. आणि बोलू नको."

मी धरला. डिंक माझाच, त्यामुळे बराच वेळ धरावा लागला.